‘करला’ नाही, ‘केला’च का? क्रियापदांचं हे कोडं सोडवणारे भांडारकर

पावसाळा लागला की मोबाईलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. नाणेघाटातला उलटा धबधबा. पाणी खाली पडायचं सोडून वाऱ्याने वर उडतंय, आणि कड्यावर उभी असलेली पोरं ओरडतायत. मुंबई-ठाण्याकडची बरीचशी मंडळी त्यासाठी कल्याण, मुरबाड, टोकावडे करत वैशाखरे गाव गाठतात आणि तिथून पुढे घाटाची चढण धरतात.

वर पोचल्यावर एक गुहा लागते. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठाच्या मोठा लेख कोरलेला आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोर एक फोटो काढतात आणि पुढे जातात. पण साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात एक शब्द पुन्हापुन्हा येतो. तो शब्द म्हणजे ‘दिना’.

‘दखिना दिना.’ म्हणजे दक्षिणा दिली.

सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळात झालेल्या यज्ञांचा आणि त्यात दिलेल्या दानांचा हा हिशोब. किती गायी दिल्या, किती घोडे दिले, किती नाणी दिली. भाषा प्राकृत. आता गंमत बघा. आपण आज ‘दक्षिणा दिली’ म्हणतो, ‘देली’ म्हणत नाही. मूळ क्रियापद ‘दे’, मग ‘दि’ आला कुठून?

आणि हा काही एकट्या ‘दे’चा प्रश्न नाही. बोल-बोलला, हस-हसला, चढ-चढला हे सगळं सुतासारखं सरळ चालतं. मग कर-करला का नाही? जा-जाला का नाही? तीन वर्षांचं पोरगं “मी करलं” म्हणतं तेव्हा घरातले सगळे हसतात. खरं तर नियमाने बघितलं तर ते पोरगंच बरोबर असतं.

मराठी क्रियापदांच्या या खोडीमागे कारण आहे, ती चूक नाही, हे शास्त्राच्या पायावर मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या भारतीय अभ्यासकांमध्ये एक नाव येतं. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, संस्था आहे. पण हा माणूस नेमका कोण होता आणि त्याने केलं काय, हे फारसं सांगितलं जात नाही.

मालवणचा मुलगा आणि गणिताचा नाद

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ चा, मालवणचा. घराण्याचं मूळ आडनाव पत्की. पूर्वजांपैकी कुणीतरी सरकारी खजिन्यात, म्हणजे भांडारात, कामाला होतं, त्यावरून भांडारकर झालं. वडील महसूल खात्यात कारकून. पगार बेताचा. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि तिथल्या इंग्रजी शाळेमुळे मुलाचं नशीब पालटलं.

रत्नागिरीहून ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले. तिथे त्यांना गणित शिकवायला कोण होतं, तर दादाभाई नौरोजी. भांडारकरांचा ओढा तेव्हा गणिताकडे आणि इंग्रजी साहित्याकडे होता. संस्कृत त्यांच्या वाटेत आलं ते नंतर. शिक्षण खात्याचे प्रमुख हॉवर्ड यांनी सुचवलं की संस्कृतचा अभ्यास करा. भांडारकर पुण्यात शास्त्र्यांपाशी बसले आणि व्याकरण पाठ करू लागले.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडली. चारच जण. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि रामकृष्ण भांडारकर. १८६४ मध्ये ते सिंधमधल्या हैदराबादला हेडमास्तर झाले आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीला आले.

शाळेत शिकवताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. इंग्रजी शाळेतल्या मुलांना संस्कृत शिकायचं तर नीट पुस्तकच नव्हतं. पाठशाळेची पद्धत अशी की आधी सूत्रं आणि रूपं घोका, अर्थ नंतर कळेल. भांडारकरांनी वेगळी वाट काढली. संस्कृतात धातूंचे दहा गण आहेत. त्यातले पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे चार गण सोपे, कारण त्यांची रूपं एका साच्यात बसतात. पहिल्या पुस्तकात त्यांनी हे चार गण घेतले. अडचणीचे उरलेले सहा गण दुसऱ्या पुस्तकासाठी ठेवले.

ही दोन पुस्तकं म्हणजे ‘मार्गोपदेशिका’ आणि ‘संस्कृत मन्दिरान्तःप्रवेशिका’. आधी नियम हाताला लागू दे, मग अपवाद. आज परदेशी भाषेचे अनेक क्लास याच क्रमाने चालतात. भांडारकरांची ही पुस्तकं दीडशे वर्षांनंतरही छापली जातात.

जागा दुसऱ्याला, काम यांच्याकडे

पुढे ते मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. शिकवणं चांगलं, लेखनाला युरोपात मान. पण कायमच्या प्राध्यापकाची जागा भरायची वेळ आली तेव्हा ती इंग्लंडहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. भांडारकर कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून राहिले. प्राध्यापकाची पक्की जागा त्यांना मिळाली ती १८८२ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.

पण मधल्या काळात ते रुसून बसले नाहीत. १८७४ मध्ये लंडनला प्राच्यविद्या परिषद भरली, तिला त्यांनी नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांवरचा निबंध पाठवला. आणि १८७७ मध्ये ती व्याख्यानं दिली, ज्यामुळे आपलं ‘केलं-गेलं’चं कोडं सुटायला मोठी मदत झाली.

रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावरची व्याख्यानमाला सुरू झाली. तिचे पहिले व्याख्याते भांडारकर. एकूण सात व्याख्यानं. संस्कृतपासून सुरुवात, मग पाली, मग प्राकृत आणि अपभ्रंश, आणि तिथून मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, सिंधी अशा आजच्या भाषा. पाचव्या व्याख्यानाचा विषयच मुळी हा होता की जुन्या व्याकरणाचे कोणते अवशेष आजच्या भाषांमध्ये शिल्लक आहेत.

हे तेव्हा इतकं महत्त्वाचं का होतं? कारण बोलीभाषांना तेव्हा दोन्ही बाजूंनी मार बसत होता. जुन्या शास्त्र्यांच्या लेखी संस्कृत शुद्ध, बाकी सगळं बिघडलेलं. मराठीचा अभ्यास काय करायचा, ती तर संस्कृत नीट न बोलता आल्यामुळे झालेली भाषा, असा सूर. दुसरीकडे काही युरोपीय अभ्यासकांना वाटायचं की या भाषांचं व्याकरण मुळात बाहेरचंच आहे, संस्कृतचे शब्द वरून चिकटलेत.

भांडारकरांनी दोघांनाही बाजूला ठेवलं आणि पुरावा बघितला. नाटकांतलं प्राकृत, पाली ग्रंथ, शिलालेख, ज्ञानेश्वरीतली रूपं, आणि लोक प्रत्यक्ष काय बोलतात तेही. त्यात त्यांच्या स्वतःच्या मुलखाची, म्हणजे मालवण-गोव्याकडची बोलीसुद्धा आली. त्यातून निघालेला निष्कर्ष साधा होता. भाषा बदलते ती मनाला येईल तशी बदलत नाही. बदलालाही नियम असतात.

मग ‘केला’ कुठून आला?

आता हे थोडं सावकाश बघू.

संस्कृतात भूतकाळ सांगायला वेगळी रूपं होती. ‘त्याने केलं’ याला ‘अकरोत्’, ‘चकार’, ‘अकार्षीत्’ असे तीन-तीन पर्याय. प्राकृत बोलणाऱ्या लोकांनी हळूहळू ही सगळी रूपं सोडून दिली. त्यांनी एक सोपी युक्ती धरली. ‘कृत’ म्हणजे ‘केलेलं’, ‘गत’ म्हणजे ‘गेलेलं’, ‘मृत’ म्हणजे ‘मेलेलं’. ही विशेषणंच भूतकाळासाठी वापरायची. म्हणजे ‘मी केलं’ ऐवजी ‘माझ्याकडून केलेलं’ अशी रचना.

मग या शब्दांचे उच्चार घासले गेले. दोन स्वरांच्या मधला ‘त’ गळाला. ‘कृत’चं ‘कय’ झालं, ‘गत’चं ‘गय’, ‘मृत’चं ‘मय’. शब्द इतके छोटे झाले की त्यांना आधार म्हणून ‘इल्ल’ हा प्राकृतातला प्रत्यय लागला. त्यातून केला, गेला, मेला. तिघंही एका यमकात बसतात ते उगाच नाही. तिघांचा प्रवास एकच आहे.

‘झाला’ आला ‘जात’वरून, म्हणजे ‘जन्मलेला, घडलेला’. आणि ‘हो’ आला ‘भवति’वरून. म्हणजे ‘होतो’ आणि ‘झाला’ ही आपण एकाच क्रियापदाची रूपं समजतो, पण मुळात ती दोन वेगळ्या धातूंची आहेत. ‘जा’ आणि ‘गेला’ यांचंही तसंच. ‘जा’ हा ‘याति’चा वंशज, ‘गेला’ हा ‘गत’चा.

‘बोलला’, ‘चढला’ ही रूपं मात्र नंतरची. तोवर ‘ला’ हा भूतकाळाचा प्रत्यय आहे अशी लोकांची समजूत पक्की झाली होती, म्हणून सरळ धातूलाच तो जोडला गेला. म्हणजे ज्यांना आपण नियमाला धरून म्हणतो ती क्रियापदं नवी, आणि ज्यांना अनियमित म्हणतो ती जुनी. ती जुना नियम पाळतायत, इतकंच.

यातून आणखी एक कोडं सुटतं. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी भात खाल्ला’. खाणारा मीच, मग क्रियापद भाकरी आणि भाताप्रमाणे का बदलतं? कारण ते मुळात विशेषण आहे. ‘माझ्याकडून खाल्लेली भाकरी’ असा मूळ अर्थ. जुन्या मराठीत अशा ठिकाणी ‘म्यां’ लिहायचे. तो ‘म्यां’ म्हणजे संस्कृतचा ‘मया’, माझ्याकडून.

आता पुन्हा नाणेघाटात या. ‘दखिना दिना’. दक्षिणा स्त्रीलिंगी, म्हणून ‘दिना’ही स्त्रीलिंगी. आपणही म्हणतो ‘दक्षिणा दिली’, पण ‘घोडा दिला’. ‘दिना’ला ‘ल’ लागलेला नाही, तो पुढे कधीतरी लागला. पण ‘दे’चा ‘दि’ होणं आणि दानाच्या वस्तूप्रमाणे रूप बदलणं, या दोन्ही गोष्टी त्या भिंतीवर तेव्हाच आहेत. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तेव्हा सातवाहनांसाठी नाणेघाटचे लेखही त्यांनी पुराव्यात घेतले. त्यांच्यासाठी शिलालेख हा राजांच्या यादीचा जसा पुरावा होता, तसाच भाषेचाही.

इटलीतही हेच झालं

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. इटालियन शिकणाऱ्या कुणालाही विचारा. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणं, त्याचं ‘पार्लातो’ म्हणजे बोललेलं. सोपं आहे. पण ‘फारे’ म्हणजे करणं, त्याचं ‘फात्तो’. ‘दिरे’ म्हणजे सांगणं, त्याचं ‘देत्तो’. ‘मोरिरे’ म्हणजे मरणं, त्याचं ‘मोर्तो’. ‘आंदारे’ म्हणजे जाणं, पण ‘मी जातो’ला ‘वादो’ आणि ‘आम्ही जातो’ला ‘आंद्यामो’. विद्यार्थी वैतागतात आणि तक्ते पाठ करतात.

कारण मात्र तेच. इटालियनच्या मागे लॅटिन आहे, जसं मराठीच्या मागे संस्कृत आणि प्राकृत. लॅटिन ‘फाक्तुम’मधला ‘क्त’ घासून ‘त्त’ झाला आणि ‘फात्तो’ उरला. आपल्याकडे ‘भक्त’ म्हणजे अन्नाचा वाटा, त्याचं प्राकृतात ‘भत्त’ झालं आणि मराठीत ‘भात’. मुरबाड-शहापूरच्या खाचरात पिकतो तो भात हाच. लॅटिन ‘सेप्तेम’चं इटालियनमध्ये ‘सेत्ते’, संस्कृत ‘सप्त’चं ‘सत्त’ आणि मग ‘सात’. ‘आंदारे’त दोन वेगळी क्रियापदं एकत्र आली, आपल्या ‘जा-गेला’सारखीच. आणि ‘मृत’ आणि ‘मोर्तो’ हे तर एकमेकांचे लांबचे भाऊच आहेत, दोन्ही भाषांच्या समाईक पूर्वजाकडून आलेले.

सगळ्याच जुन्या क्रियापदांनी जुनी रूपं का टिकवली नाहीत? तर जे शब्द रोज वापरात असतात तेच टिकतात. करणं, जाणं, येणं, देणं, मरणं, होणं. पोर हे शब्द दिवसातून शंभरदा ऐकतं. ‘करलं’ म्हणून चार दिवस चालवतं, पण कानावर सतत ‘केलं’ आदळतं आणि ते सुधारतं. क्वचित वापरायच्या क्रियापदाचं जुनं रूप कुणाच्या लक्षात राहत नाही, मग ते नव्या साच्यात पडतं.

पुराव्याला धरून राहण्याची किंमत

भांडारकरांचा हा स्वभाव, म्हणजे काय मानलं जातं यापेक्षा काय सापडतं ते बघायचं, फक्त व्याकरणापुरता राहिला नाही.

ते प्रार्थना समाजाचे. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटला होता. विवाहित मुलीशी संबंधाचं किमान वय १० वरून १२ वर न्यायचं होतं. टिळकांसह अनेकांचा विरोध होता, सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून. भांडारकरांनी संस्कृत ग्रंथांचेच आधार काढून दाखवलं की हा कायदा शास्त्राच्या आड येत नाही. दोन्हीकडून वचनांचा आणि त्यांच्या अर्थांचा खल झाला. शब्दाचा अर्थ काय लावायचा हा प्रश्न तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या मुलींच्या जिवाशी बांधलेला होता. कायदा झाला.

त्याच वर्षी त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. सभेत सुधारणेवर बोलणारे पुष्कळ होते, स्वतःच्या घरात करणारे थोडे. त्यासाठी समाजाचा रोषही त्यांनी पत्करला.

मानसन्मान मिळाले. १८८५ मध्ये जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट. १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला ते स्वतः गेले. १८९३ ते १८९५ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. १९११ मध्ये सर ही पदवी. ६ जुलै १९१७ ला, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू झालं आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेला दिला. १९१९ पासून तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. देशभरातल्या हस्तलिखितांतले पाठ शेजारी ठेवून तपासायचे आणि मग ठरवायचं, ही पद्धत. २४ ऑगस्ट १९२५ ला भांडारकर गेले.

एक गोष्ट मात्र राहून गेली. मराठी क्रियापदांवरचं हे मोलाचं काम त्यांनी इंग्रजीत मांडलं. सातही व्याख्यानं मिळून पुस्तक व्हायला १९१४ साल उजाडलं, म्हणजे ३७ वर्षं गेली. अभ्यासकांनी ते वाचलं, पुढे ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. पण सर्वसाधारण मराठी माणसापर्यंत यातलं फार थोडं पोचलं.

त्यामुळे आजही एक गोष्ट होत राहते. मालवणचं पोर ‘इलो’ म्हणालं, ठाणे-रायगडकडचं आगरी-कोळी पोर ‘आयलो’ म्हणालं की शहरातला वर्ग हसतो, आणि त्याला सांगितलं जातं, नीट मराठी बोल, ‘आलो’ म्हण. मुळात संस्कृत ‘आगत’वरून प्राकृतात जे रूप झालं, त्याला ‘इल्ल’ लागला, आणि त्यातून ‘आला’ निघाला, ‘आयला’ निघाला आणि ‘इलो’ही निघाला. तिन्ही एकाच घरची भावंडं. त्यातलं एक पुस्तकात गेलं, पेपरात छापलं गेलं, म्हणून ते प्रमाण ठरलं. बाकीच्या दोघांनी काही नियम मोडला नव्हता. ‘आयला’त तर त्या जुन्या ‘इल्ल’चा ‘इ’ अजून कानाला ऐकू येतो.

मालवणात जन्मलेल्या भांडारकरांनी कोकणातली बोली विद्यापीठाच्या व्यासपीठावर पुरावा म्हणून मांडली, त्याला आता दीडशे वर्षं होत आली.

आणि भाषा थांबलेली नाही. इटालियनमध्ये नवा शब्द आला की त्याला सरळ ‘आरे’ लागतो. क्लिक करण्याला ते ‘क्लिक्कारे’ म्हणतात, पोस्ट करण्याला ‘पोस्तारे’, आणि ही क्रियापदं निमूटपणे नियमात चालतात. मराठीने वेगळं केलं. आपण प्रत्येक नव्या शब्दाला जुनं ‘करणं’ जोडतो. क्लिक केलं, डाउनलोड केलं, ब्लॉक केलं. म्हणजे कालपरवा आलेल्या इंग्रजी शब्दाच्या मागे आपण न चुकता ‘कृत’चा नातू उभा करतो.

पुढच्या पावसाळ्यात वैशाखऱ्याहून वर चढाल, तर उलट्या धबधब्याचा व्हिडिओ काढून झाल्यावर दोन मिनिटं गुहेत जा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल, फक्त हात लावू नका, दगड आधीच झिजलाय. त्या भिंतीवर ‘दिना’ आहे. आणि खाली उतरून व्हिडिओसोबत ‘शेअर केला’ असं लिहाल, तेव्हा ‘करला’ का लिहिलं नाही, हे आता तुम्हाला माहीत असेल.